काचेच्या दोन्ही बाजूंना

डिसेंबर 1969च्या पहिल्या आठवड्यात रोलिंग स्टोन्स हा इंग्लंडचा बँड अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या शेफील्ड नावाच्या लहानशा गावी उतरला. मुक्काम तीन दिवसांचा. अमेरिकाभर त्यांचे कार्यक्रम चालू होते, पण परवाना होता तो कार्यक्रमांचा. रेकॉर्डिंगचा नव्हता, असं सांगतात. त्यामुळे बोभाटा न होता काम उरकायचं होतं, आणि त्यासाठी शेफील्डइतकं सोयीचं गाव शोधूनही सापडलं नसतं. जॅक्सन हायवेवर 3614 क्रमांकाची एक बैठी, काँक्रीटच्या ठोकळ्यांची इमारत. तिथे पूर्वी शवपेट्या विक्रीला मांडलेल्या असत. आता स्टुडिओ होता, आणि तो सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. त्या तीन दिवसांत तिथे तीन गाणी टेपवर उतरली: ‘यू गॉटा मूव्ह’, ‘ब्राउन शुगर’ आणि ‘वाइल्ड हॉर्सेस’. दोनच दिवसांनी कॅलिफोर्नियात आल्टामाँटच्या मैदानावर याच बँडच्या कार्यक्रमात एका प्रेक्षकाचा भोसकून खून झाला. त्या आठवड्याची म्हणून जगाला आठवण राहिली ती तेवढीच.

शेफील्डमध्ये काचेपलीकडे, ध्वनिमुद्रणाच्या टेबलाशी बसला होता जिमी जॉन्सन. वय सव्वीस. याच गावात जन्मलेला, आणि पन्नास वर्षांनी याच मुलुखात मरण पावलेला. एरवी तो काचेच्या अलीकडे गिटार घेऊन बसायचा. ॲरेथा फ्रँकलिन, विल्सन पिकेट, स्टेपल सिंगर्स, पॉल सायमन यांच्या गाण्यांमागे जी रिदम गिटार वाजते, तिच्यातली बरीचशी याची. पण स्टोन्सचे गिटारवाले त्यांचे स्वतःचे होते, म्हणून या खेपेला तो फक्त रेकॉर्डिस्ट. वादक आणि ध्वनिमुद्रक ही दोन कामं करणारी माणसं संगीताच्या धंद्यात अगदीच दुर्मीळ नाहीत. पण बहुतेकांचं एक काम खरं असतं आणि दुसरं हौसेचं. जिमीचं तसं नव्हतं. दोन्हींवर त्याचं पोट होतं, आणि दोन्ही कामांत त्याने जे केलं त्याचा गुण एकच आहे. त्या गुणाविषयी हा लेख आहे.

*

अलाबामाच्या वायव्य कोपऱ्यात टेनेसी नदीच्या दोन्ही काठांना चार गावं एकमेकांना खेटून आहेत: फ्लॉरेन्स, शेफील्ड, टस्कम्बिया आणि मसल शोल्स. आपल्या वाचकांना यातलं टस्कम्बिया माहीत असायची शक्यता आहे, कारण हेलन केलरचा जन्म तिथला. नदीवर 1924 साली विल्सन धरण पूर्ण झालं. पुढे 1933मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरण आलं, स्वस्त वीज आली, विजेमागे ॲल्युमिनियमचा कारखाना आला. बाकी कापूस, मका आणि चर्च. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि नॅशव्हिल ही संगीताच्या धंद्याची तीन मोठी ठाणी. त्यांतलं नॅशव्हिलच काय ते गाडीने दोन-अडीच तासांवर.

तरीही मुलूख संगीताच्या बाबतीत अगदीच ओसाड नव्हता. ‘ब्लूजचे जनक’ म्हणून ज्यांचं नाव घेतात ते डब्ल्यू. सी. हँडी 1873मध्ये फ्लॉरेन्सला जन्मले. एल्व्हिस प्रेस्लीला पहिल्यांदा टेपवर आणणारा सॅम फिलिप्सही फ्लॉरेन्सचाच. मेम्फिसला जाण्याआधी त्याने मसल शोल्सच्या स्थानिक रेडिओवर उमेदवारी केली होती. पण दोघांनी नाव काढलं ते गाव सोडून. जिमीचा काका डेक्स्टर जॉन्सन मात्र गाव सोडून गेला नाही. त्याने 1951 साली घराच्या गॅरेजमध्येच रेकॉर्डिंगची खोली केली. या भागातला पहिला स्टुडिओ म्हणून तिची नोंद होते. जिमी तेव्हा आठ वर्षांचा होता (जन्म 4 फेब्रुवारी 1943). गाणं वाजवण्याची आणि गाणं टेपवर धरण्याची जागा एकच, हे चित्र त्याच्यापुढे घरातच होतं.

शाळकरी वयात तो डेल-रेज नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवू लागला. पुढे आयुष्यभर ज्याच्या बरोबरीने वाजवलं तो ड्रमर रॉजर हॉकिन्स याच बँडमध्ये. असे बरेच बँड तेव्हा दक्षिणेतल्या कॉलेजांमधल्या विद्यार्थ्यांच्या पार्ट्यांना जात. एक विसंगती इथे लक्षात घ्यावी लागते. ही कॉलेजं गोऱ्यांची, वाजवणारी पोरं गोरी, नाचणारी पोरं गोरी. आणि मागणी असे ती कृष्णवर्णीयांच्या रिदम अँड ब्लूजची. ज्यांच्या शेजारी बसून जेवायची राज्याच्या कायद्यात सोय नव्हती, त्यांची गाणी रात्रभर हवीत. त्या मागणीपायी ही पोरं रे चार्ल्स आणि बॉबी ब्लँड यांच्या रेकॉर्डी घोटून घोटून शिकली. शिकवणारं कोणी नव्हतं, नोटेशन वाचता येत नव्हतं. रेकॉर्ड हाच गुरू होता. रेकॉर्ड ऐकून शिकणाऱ्याला सूर आणि ठेका तर कळतोच, शिवाय वाद्य माईकपासून किती लांब आहे, ढोलाचा आवाज गिटारच्या पुढे आहे की मागे, हेही कानात बसतं. या मंडळींना हे दुसरं ज्ञान आपोआप मिळालं, असं मला वाटतं.

*

आता रिक हॉल या माणसाची ओळख करून द्यायला हवी. हॉल अत्यंत गरिबीत वाढलेला, फिडल आणि बास वाजवणारा, हट्टी, रागीट, आणि रेकॉर्डिंगच्या बाबतीत कशालाही ‘चालेल’ न म्हणणारा. फ्लॉरेन्समध्ये औषधांच्या दुकानावरच्या खोलीत दोघा भागीदारांबरोबर त्याने ‘फेम’ ही कंपनी काढली. भागीदारी मोडली, नाव याच्याकडे राहिलं. शेफील्डच्या हॉटेलात सामान वाहणारा आर्थर अलेक्झांडर नावाचा कृष्णवर्णीय तरुण गाणी लिहायचा. त्याचं ‘यू बेटर मूव्ह ऑन’ हॉलने रेकॉर्ड केलं. ते 1962मध्ये देशभर चाललं, आणि त्या पैशातून मसल शोल्सच्या ॲव्हलॉन रस्त्यावर फेमचा स्वतःचा स्टुडिओ उभा राहिला. तेच गाणं पुढे स्टोन्सनीही गायलं. म्हणजे 1969मध्ये ते शेफील्डला आले ते काही नकाशावर बोट ठेवून नव्हे.

जिमी हा फेमचा पहिला पगारी नोकर. हिशेब, पत्रं, टेपांची उस्तवार, पडेल ते काम. वादकाची खुर्ची लगेच मिळाली नाही. फेमच्या पहिल्या फळीत नॉर्बर्ट पुटनम, डेव्हिड ब्रिग्ज आणि जेरी कॅरिगन हे होते. ती फळी 1960च्या दशकाच्या मध्यावर चांगल्या पैशासाठी नॅशव्हिलला निघून गेली आणि दुसऱ्या फळीला जागा झाली. गिटारवर जिमी, ड्रमवर हॉकिन्स, कळफलकावर स्पूनर ओल्डहॅम आणि नंतर बॅरी बेकेट, बासवर पुढे डेव्हिड हूड. वाट बघण्याची ही वर्षं जिमीने काचेमागे काढली, हे त्याच्या पथ्यावर पडलं. हॉल माईक कुठे ठेवतो, एकच गाणं वीस-वीस वेळा का करून घेतो, हे तो पाहत होता.

स्वतंत्रपणे त्याने काय कमावलं ते दिसलं 1966मध्ये, आणि तेही फेममध्ये नव्हे. शेफील्डमध्ये क्विन आयव्ही नावाचा रेडिओ निवेदक रेकॉर्डींचं दुकान चालवत असे. त्याने नोराला नावाचा छोटा स्टुडिओ काढला होता. पर्सी स्लेज हा तिथल्या सरकारी रुग्णालयात वॉर्डबॉय. त्याच्याकडे एक गाणं होतं, ‘व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन’. टेबलावर जिमी बसला. ऑर्गनवर ओल्डहॅम, ड्रमवर हॉकिन्स.

ही रेकॉर्ड आज ऐकताना लक्षात येतं की तिच्यात सामान फार थोडं आहे. ऑर्गनचे लांब सूर, खाली संथ उतरत जाणारा बास, ड्रम जेवढ्यास तेवढा. त्यावर स्लेजचा आवाज असा की माणूस आता कोसळेल. अशा आवाजाला टेपवर धरणं अवघड. हळू सुरात माईक कमी पडतो आणि टिपेला गेला की आवाज फाटतो. आवाजाचा चढ-उतार दाबून टाकणारी यंत्रं थोडी होती; बाकीचं काम बोटांनी, टेप फिरत असताना करायचं. पुढची ओळ कुठे वर जाणार हे आधी कळलं तरच ते जमतं, आणि आधी कळायला गाणं वादकासारखं ऐकावं लागतं. शेवटाकडे ब्रास वाद्यं थोडी बेसूर आहेत. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या जेरी वेक्सलरने ती पुन्हा वाजवून घ्यायला सांगितली. त्याप्रमाणे ती वाजवलीही. पण टेपांची अदलाबदल होऊन जुनीच आवृत्ती बाजारात गेली, असा किस्सा या मंडळींनी आयुष्यभर सांगितला. मे 1966मध्ये ती बेसूर आवृत्ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली. अटलांटिकची ही पहिली सुवर्ण तबकडी. रेकॉर्डवर गायकाचं, लेखकांचं, निर्मात्यांचं नाव होतं. रेकॉर्डिस्टचं नव्हतं.

*

त्याच वर्षी वेक्सलरने विल्सन पिकेटला फेममध्ये आणलं. पिकेट अलाबामातच जन्मलेला आणि तिथून सुटून उत्तरेला गेलेला. विमानातून कापसाची शेतं दिसली तेव्हा परत फिरावंसं वाटलं, असं त्याने पुढे सांगितलं. स्टुडिओत शिरल्यावर समोर सगळे गोरे. खेड्यातल्या किराणा दुकानात काम करत असावेत अशी दिसणारी पोरं. मग पोरांनी वाजवायला सुरुवात केली. ‘लँड ऑफ अ थाउजंड डान्सेस’ आणि ‘मस्टँग सॅली’ ही त्या वर्षीची फळं.

‘मस्टँग सॅली’चा एक प्रसंग या धंद्यात फार सांगितला जातो. टेक झाला, सगळे खूश, आणि तेवढ्यात टेप यंत्रावरून उडाली आणि तिचे तुकडे तुकडे होऊन जमिनीवर पसरले. पिकेट संतापला. अटलांटिकचा टॉम डाउड तिथे होता. त्याने सगळ्यांना अर्धा तास बाहेर पाठवलं, तुकडे गोळा केले, एकेक जोडला आणि गाणं परत उभं केलं. आज आपण ऐकतो ती तीच जोडलेली टेप. डाउड हा न्यूयॉर्कचा नामांकित ध्वनिमुद्रक, तरुणपणी अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम केलेला. त्याला काम करताना जवळून पाहणं ही जिमीसारख्याची पदव्युत्तर पदवीच म्हणायची.

जिमी वाजवायचा काय? हे सांगणं कठीण आहे, कारण त्याचं वाजवणं कानांत भरत नाही. सोल संगीतात चार मात्रांच्या घरात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला ड्रमरची काठी स्नेअरवर पडते. नेमक्या त्याच क्षणी जिमीची गिटार एक तुटक घाव घालते आणि लगेच मिटते. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हाताची बोटं ताबडतोब सैल करून त्या मुक्या करायच्या. सूर जेमतेम उमटतो. उरते ती टणक कड. ती स्नेअरच्या आवाजाला चिकटते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ड्रमच असा खणखणीत आहे. वेगळी गिटार म्हणून तो आवाज फारसा कोणाला जाणवत नाही. लांबलचक गायनात ठेका धरून बसलेल्या तबलजीसारखं हे काम आहे. जागा कितीही दिसली तरी भरायची नाही. गाण्यात एकच एक सुरावट करायला मिळाली तर ती करायची. नाही मिळाली तर तीन मिनिटं चिक, चिक. जिमी कधीच सोलोचा वादक नव्हता. स्टुडिओत एडी हिंटन, पीट कार, काही काळ ड्वेन ऑलमन असे एकाहून एक सोलो वाजवणारे येऊन गेले. जिमी त्यांच्या खाली राहिला, आणि म्हणूनच प्रत्येकाबरोबर चालला.

हाच तो गुण. टेबलावरही त्याचं तेच धोरण. आवाज मोठा करून दाखवणं, प्रतिध्वनीचा मारा करणं, यंत्र हाताशी आहे म्हणून वापरणं, हे त्याच्या रेकॉर्डिंगांत मला आढळत नाही. ‘वाइल्ड हॉर्सेस’मध्ये गिटारवाले शेजारी बसून वाजवतायत असं वाटतं ते म्हणूनच.

24 जानेवारी 1967. ॲरेथा फ्रँकलिन फेममध्ये आली. आधीच्या कंपनीत तिने बरीच वर्षं काढली होती, पण तिचा आवाज नेमका कशासाठी आहे हे कोणाला सापडलं नव्हतं. इथे ती स्वतः पियानोवर बसली. बराच वेळ गाण्याला वाट मिळेना. मग स्पूनर ओल्डहॅमच्या बोटांतून इलेक्ट्रिक पियानोवर एक अडखळती सुरावट आली, आणि थोड्याच वेळात ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ पुरं झालं. दुसरं गाणं अर्धवट राहिलं. दिवसभर दारू चालू होती. ॲरेथाचा नवरा आणि ब्रासच्या ताफ्यातला एक वादक यांची बोलाचाली झाली, रात्री रिक हॉल मिटवायला म्हणून हॉटेलवर गेला आणि प्रकरण हातघाईवर आलं. सकाळी ॲरेथा निघून गेली. ती पुन्हा मसल शोल्सला रेकॉर्डिंगसाठी आली नाही.

वेक्सलर हुशार. त्याने गाव सोडलं, वादक सोडले नाहीत. सॅक्सोफोनवादक किंग कर्टिसच्या रेकॉर्डिंगचं निमित्त सांगून त्याने मंडळींना न्यूयॉर्कला बोलावून घेतलं आणि ॲरेथासमोर बसवलं. 14 फेब्रुवारीला ‘रिस्पेक्ट’ झालं. गिटार जिमीची, ड्रम हॉकिन्सचे. जिमीला चोवीस पूर्ण होऊन दहा दिवस झाले होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या आणि स्त्रियांच्या चळवळीचं निशाण होऊन बसलेल्या या गाण्याचा ठेका त्या राज्यातल्या गोऱ्या पोरांनी धरला आहे, जिथल्या गव्हर्नर जॉर्ज वॉलेसने चारच वर्षांपूर्वी शपथविधीच्या भाषणात वंशभेद कायमचा राहील अशी घोषणा केली होती. याचा अर्थ स्टुडिओच्या भिंतींआड वंशभेद नव्हता असा कोणी काढू नये. ॲरेथाच्या त्या दिवशी वादकांमध्ये कृष्णवर्णीय असावेत अशी वेक्सलरची सूचना होती आणि ती पाळली गेली नव्हती. तो तणाव त्या भांडणात होताच. माहितीपटांमधून ही कथा फार गोड करून सांगितली जाते. गाणं झालं हे खरं, दुसऱ्या दिवशी सकाळी गायिका विमानात बसली हेही खरं.

*

1969मध्ये हॉलने कॅपिटल कंपनीशी करार केला आणि वादकांसमोर कराराचे कागद ठेवले. जिमी, हॉकिन्स, बेकेट आणि हूड या चौघांनी सांगितलं की आम्ही निघालो. वेक्सलरच्या कर्जावर त्यांनी जॅक्सन हायवेवरचा तो स्टुडिओ घेतला, नाव ठेवलं मसल शोल्स साउंड. हॉलला हे आयुष्यभर लागलं. माझ्या मते चौघांचा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात शहाणपणाचा. रोजंदारीवर वाजवणाऱ्यांनीच स्टुडिओचं मालक व्हावं हे त्या काळात विरळ होतं. आपल्याकडे तर त्याची कल्पनाही करता येत नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतातल्या शेकडो वादकांनी हजारो गाण्यांत जीव ओतला, आणि कॅसेटच्या कव्हरवरसुद्धा त्यांना जागा मिळाली नाही. ध्वनिमुद्रणात परळच्या राजकमल कलामंदिरातले मंगेश देसाई यांच्यासारखं एखादं नाव जाणकारांना माहीत असतं. ‘शोले’चा आवाज ज्यांनी एकत्र बांधला, त्यांना सामान्य प्रेक्षक ओळखत नाही.

नव्या स्टुडिओत पहिली आली गायिका शेर. तिने इमारतीचा पत्ताच अल्बमचं नाव म्हणून दिला. मग आर. बी. ग्रीव्ह्जचं ‘टेक अ लेटर मारिया’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि वर्ष संपता संपता स्टोन्स. टेप आठ ट्रॅकची होती. आज मोबाइलवरही याहून जास्त ट्रॅक मिळतात, म्हणून आठचा अर्थ सांगतो. ढोलाच्या संचाचे चार-पाच माईक एकाच किंवा दोनच ट्रॅकवर घ्यायचे. त्यांचं आपसातलं प्रमाण त्याच क्षणी ठरवायचं. मागाहून बदलता येत नाही. रेकॉर्डिस्टचा निर्णय टेपवर कोरला जातो. ‘ब्राउन शुगर’चा जो रांगडा, सगळं एका खोलीत धडाधडा चाललंय असा आवाज आहे, तो त्या क्षणी घेतलेल्या निर्णयांचा आहे. मेझल्स बंधूंच्या ‘गिमी शेल्टर’ चित्रपटात स्टोन्सची मंडळी त्या स्टुडिओत आपलंच गाणं परत ऐकत बसलेली दिसतात, कीथ रिचर्ड्स डोळे मिटून. ‘वाइल्ड हॉर्सेस’वर पियानो मात्र मेम्फिसचा पाहुणा जिम डिकिन्सन वाजवतो, कारण बँडबरोबर हिंडणाऱ्या इयन स्टुअर्टला मायनर कॉर्ड वाजवायला आवडत नसत! असली माणसं सांभाळणं हाही रेकॉर्डिस्टच्या कामाचा भाग.

लिऑन रसेलच्या रेकॉर्डिंगच्या वेळी निर्माता डेनी कॉर्डेलने या चौघांना ‘स्वॉम्पर्स’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. 1970चं दशक त्यांचं होतं. पॉल सायमनने स्टेपल सिंगर्सचं ‘आय विल टेक यू देअर’ ऐकून विचारणा केली की हे जमैकाचे वादक मला मिळतील का. तो आला तर समोर अलाबामाचे गोरे बाप्ये. एका गाण्यासाठी चार दिवस राखून ठेवले होते. ‘टेक मी टू द मार्डी ग्रा’ दुसऱ्या-तिसऱ्या टेकलाच झालं. उरलेल्या वेळात ‘कोडाक्रोम’सह आणखी गाणी निघाली. बॉब सीगरचं ‘ओल्ड टाइम रॉक अँड रोल’ तर मूळ नमुन्यासाठी वाजवलेल्या संगीतावरच उभं आहे; पुन्हा वाजवून त्याहून चांगलं जमेना, म्हणून तेच ठेवलं. यादी पुष्कळ लांबवता येईल. ती लांबवण्यापेक्षा एका अपयशाजवळ थांबू.

1971च्या सुमारास फ्लॉरिडातून लिनर्ड स्किनर्ड नावाचा फाटका बँड आला. पैसे नव्हते. जिमी आणि टिम स्मिथ यांनी त्यांना जवळ केलं, अल्बमभर गाणी रेकॉर्ड केली. वादक, रेकॉर्डिस्ट आणि आता निर्माता अशी तिसरी टोपी जिमीने इथे घातली. त्यात ‘फ्री बर्ड’ची सुरुवातीची आवृत्तीही होती. जिमीने त्या टेपा घेऊन कंपन्यांची दारं वाजवली. कोणी घेतल्या नाहीत. गाणं फार लांब, ही एक तक्रार. बँड निघून गेला, दोन वर्षांनी दुसऱ्या निर्मात्याबरोबर पहिला अल्बम काढला आणि प्रचंड गाजला. 1974च्या ‘स्वीट होम अलाबामा’त त्यांनी स्वॉम्पर्सचं नाव घेऊन ऋण फेडलं. या चौघांचं नाव जगात जे पोचलं ते मुख्यतः त्या एका उल्लेखामुळे, स्वतः वाजवलेल्या गाण्यांमुळे नव्हे. 1977मध्ये विमान कोसळून गायक रॉनी व्हॅन झँट आणि इतर काही जण गेले. त्यानंतर 1978मध्ये जिमीच्या त्या नाकारलेल्या टेपा अखेर बाजारात आल्या. त्या ऐकल्या तर कळतं की बँड तेव्हाच तयार होता. जिमीचा कान बरोबर होता. दारावर टेप विकण्याची कला मात्र त्याच्याकडे नसावी. निर्माता व्हायला लागणारा तो आडमुठेपणा रिक हॉलकडे भरपूर होता, याच्याकडे नाही.

*

1978मध्ये चौघं नदीकाठच्या मोठ्या इमारतीत गेले. खोली मोठी, यंत्रं नवी. धंद्याचं वारं मात्र फिरू लागलं होतं. सिंथेसायझर आणि ड्रम मशीन आलं. दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा घाव मशीन बिनपगारी घालू लागलं, तेही न चुकता. (न चुकता, म्हणूनच कंटाळवाणं, असं म्हणण्याचा मोह होतो, पण 1980च्या दशकातल्या श्रोत्यांना ते कंटाळवाणं वाटलं नाही, हे कबूल करायला हवं.) 1985मध्ये त्यांनी स्टुडिओ मॅलॅको कंपनीला विकला. बेकेट नॅशव्हिलला जाऊन यशस्वी निर्माता झाला. जिमी शेफील्डलाच राहिला. स्वॉम्पर साउंड नावाचा स्वतःचा छोटा स्टुडिओ चालवला, स्थानिक पोरांची रेकॉर्डिंगं केली, बोलावलं की गिटार घेऊन गेला.

2013मध्ये ‘मसल शोल्स’ हा माहितीपट आला आणि सत्तरीतला जिमी लोकांना चेहऱ्याने माहीत झाला. जॅक्सन हायवेवरची जुनी इमारत एका स्थानिक प्रतिष्ठानने घेतली, हेडफोन बनवणाऱ्या बीट्स कंपनीने पैसे दिले, आणि 1970च्या आसपास होती तशी सजवून ती जानेवारी 2017मध्ये खुली झाली. बेकेट 2009मध्येच गेला होता. रिक हॉल 2 जानेवारी 2018ला गेला, जिमी 5 सप्टेंबर 2019ला, हॉकिन्स 2021च्या मे महिन्यात.

जिमीला मोठा गिटारवादक म्हणता येणार नाही. त्याच्याहून तयारीचे त्याच खोलीत बसलेले असत. मोठ्या ध्वनिमुद्रकांच्या यादीतही टॉम डाउडच्या खाली त्याला कुठेतरी जागा मिळेल. पण वाजवताना टेपवर काय उतरणार हे ज्याला कळतं आणि टेप फिरवताना वाजवणाऱ्याच्या हातात काय चाललंय हे ज्याला कळतं, असा माणूस एका गावाला मिळाला, आणि त्या गावाचा म्हणून एक आवाज तयार झाला. रिक हॉलच्या जिद्दीशिवाय तो झाला नसता. पण एकटा हॉल ते करू शकला असता का, याची मला शंका आहे.

ज्यांना हे कानांनी तपासायचं असेल त्यांनी स्टेपल सिंगर्सचं ‘आय विल टेक यू देअर’ काढावं. 1972च्या जून महिन्यात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. साधा हेडफोन पुरे. पहिल्यांदा मेव्हिस स्टेपल्सला मनसोक्त ऐकून घ्या, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करणं शक्यच नाही. दुसऱ्यांदा ड्रमच्या काठीवर कान ठेवा आणि तिला चिकटून येणारी गिटार शोधा. गाण्याच्या मध्यावर मेव्हिस वादकांना हाका मारते. कळफलकावरच्या बॅरीचं नाव घेते, बासवरच्या डेव्हिडचं घेते. जिमीचं नाव घेत नाही.